ओझर ते लेह: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. शहराचे नव्हे, धावपट्टीचे. नाशिक शहर आणि ओझर यांच्यात वीसेक किलोमीटर आहेत, शिवाय गांधीनगरला लष्कराची वेगळी धावपट्टी आहे. नकाशावर नुसतं ‘नाशिक’ शोधलं तर भलताच बिंदू हाती लागतो. विमानतळाच्या तीन अक्षरी कोडवरून खात्री करा: ओझर आयएसके, लेह आयएक्सएल.

ओझर: २०°०७′ उत्तर, ७३°५५′ पूर्व. लेह: ३४°०८′ उत्तर, ७७°३३′ पूर्व.

अंशापुढच्या मिनिटांना (′) ६० ने भागा, म्हणजे ७३°५५′ चे ७३.९२ होतात. सर्रास होणारी चूक म्हणजे ७३.५५ लिहिणं. तेवढ्याने ओझर ३८ किमी पश्चिमेला सरकतं.

आता वजाबाकी. अक्षांशांतला फरक १४.०१, रेखांशांतला ३.६३. अक्षांशाचा एक अंश साधारण १११.२ किमीचा, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर १५५८ किमी. रेखांश मात्र उत्तरेकडे जवळ येत जातात, म्हणून १११.२ ला सरासरी अक्षांशाच्या (इथे २७°) कोसाइनने, म्हणजे ०.८९ ने गुणायचं. पूर्व-पश्चिम अंतर ३५९ किमी येतं. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा: सुमारे १६०० किमी. एक्सेल कोन अंशांत नव्हे, रेडियन या दुसऱ्या एककात धरतं. नुसता २७ चा कोसाइन मागितलात तर उणे ०.२९ मिळेल. आधी रेडियन करून घ्या.

तीन हजार किमीच्या पुढे ही रीत वापरू नका, तिथे ग्रेट सर्कलचं (पृथ्वीच्या गोलाईवरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाचं) सूत्रच हवं.

वेळेसाठी जेट विमानाचा वेग ताशी ८३० किमी धरा. १६०० भागिले ८३० म्हणजे १ तास ५६ मिनिटं. चढण, उतरण आणि टॅक्सीसाठी (विमान जमिनीवर चालतं त्यासाठी) प्रत्येक उड्डाणामागे ३० मिनिटं वाढवा: जवळजवळ अडीच तास. वेळापत्रकात छापलेला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, तो याहून थोडा जास्तच दिसेल.

दिल्लीमार्गे गेलात तर ओझर–दिल्ली ९९० आणि दिल्ली–लेह ६२० किमी. दिल्ली जवळजवळ त्याच रेषेवर असल्याने अंतर जेमतेम वाढतं, पण ती ३० मिनिटं दोनदा लागतात. मधला थांबा वेगळाच.

विमान कोणतं, हे विचारल्याशिवाय भागाकार करू नका. लक्षद्वीपच्या अगत्तीची धावपट्टी सुमारे १२०० मीटरची, तिथे एटीआरसारखी पंख्याची विमानं उतरतात. त्यांचा वेग ताशी ५०० च्या आसपास. कोची–अगत्ती साधारण ४६५ किमी: ८३० ने भागलं तर ३४ मिनिटं, ५०० ने ५६.

वारा पूर्व-पश्चिम मार्गांवर जास्त जाणवतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेचा जोरदार जेट प्रवाह (खूप उंचावरचा वेगवान वारा) वाहतो, म्हणून दिल्लीहून गुवाहाटीला जाताना वेळ वाचतो आणि परतताना तोच वारा अंगावर येतो. ओझर–लेह बरंचसं सरळ उत्तरेला असल्याने हा फरक कमी पडतो.

लेहचं मात्र घड्याळही बघावं लागतं. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३२५० मीटरवर. दुपारी दरीत वारा वाढतो आणि तापलेली विरळ हवा पंखांना पुरेसा आधार देत नाही, म्हणून प्रवासी विमानं बहुतेक सकाळीच ये-जा करतात. तेव्हा ओझरहून आदल्या दिवशीच दिल्ली गाठा, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीतल्या पहाटेच्या धुक्यासाठी पुढचा एक दिवस मोकळा ठेवा.