जैसलमेरचा किल्ला आणि हवेल्या कशा पाहाव्यात

जैसलमेरसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा आणि दिवसाचा आरंभ किल्ल्यापासून करावा, कारण दुपारी पिवळा वालुकाश्म तापला की चढण नकोशी होते. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये उभारलेल्या आणि २०१३ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे. त्यामुळे अखई पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ ही द्वारे ओलांडून आत गेल्यावर कोणाच्या दारात छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. आतील जैन मंदिरे सकाळीच पाहावीत आणि चामड्याचे पट्टे, पाकिटे सोबत नेऊ नयेत. राजवाड्यातील संग्रहालय त्यानंतर पाहता येते.

मुक्काम मात्र किल्ल्याबाहेर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वाळवंटासाठी बांधलेल्या या वास्तूचा पाया वाढत्या पाणीवापरामुळे मुरणाऱ्या सांडपाण्याने कमकुवत होत आला आहे.

पटवांची हवेली हा प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातील पाच हवेल्यांचा समूह असून त्या सर्वांसाठी एकच तिकीट चालत नाही, म्हणून खिडकीवर नीट चौकशी करावी. वेळ अपुरा असल्यास एकच हवेली आतून पाहून उरलेल्या झरोक्यांचे कोरीवकाम गल्लीतूनच न्याहाळावे. गडीसर तलाव संध्याकाळसाठी राखून ठेवावा.