नाशिकरोड म्हणजे नाशिक नव्हे

मी गंगाखेडची. बावीस वर्षांपूर्वी बी.ए.ला नाशकात आले, ती इथलीच झाले. दर जूनमध्ये गावाकडून कुणाचं तरी पोरगं येतं आणि तेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

नाशिकरोडला उतरलात म्हणजे नाशकात पोचलात असं नाही. गाव तिथून आठ-नऊ किलोमीटर आत आहे. गावातल्या निमाणी स्टँडची सिटीलिंक, म्हणजे शहर बस, पकडा. पहाटे उतरलात तर उजाडेपर्यंत स्टेशनातच बसा.

कॉलेजांची आधी नीट उकल करून घ्या. एचपीटी, केटीएचएम ही गावातली मोठी कॉलेजं पुणे विद्यापीठाशी जोडलेली. मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे, पण शिकवणी तुमच्या अभ्यास केंद्रावर होते. तेव्हा प्रत्येक फॉर्मसाठी तिकडं धावू नका, आधी केंद्र गाठा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ तिसऱ्याच टोकाला, म्हसरूळला. खोली कॉलेज रोडलाच हवी असा हट्ट नको, तिथं जास्तीचं भाडं नुसत्या नावाचं असतं. डिपॉझिटची पावती मात्र घ्याच. माझे पहिले दोन हजार एका घरमालकीणबाईंकडं अजून येणं आहेत.

पुस्तकांसाठी सार्वजनिक वाचनालय. 1840 चं आहे, सगळे ‘सावाना’ म्हणतात. आल्या आठवड्यात सभासद व्हा. कुसुमाग्रज स्मारकही बघा. तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, जाऊन पंचवीस वर्षं उलटली, तरी 27 फेब्रुवारीला त्यांचा वाढदिवस घरच्यासारखा पाळतात. मे महिन्यात घरी पळायची घाई नसेल तर वसंत व्याख्यानमालेला जा. नदीकाठच्या पटांगणावर, उघड्यावर बसून ऐकायचं, पैसे लागत नाहीत. वक्ता कंटाळवाणा निघाला तर उठून यायचं. वारा तरी लागतोच.

जुनी नाशिककर माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. ‘संध्याकाळी गंगेवर भेटू’ हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गंगाखेड आठवून मला रडूच फुटलं होतं. आमच्याकडंही गंगाच ना! बुधवारी नाशकात गंगेवर बाजार भरतो, खोलीवर स्वयंपाक करणाऱ्यांनी भाजी तिथूनच घ्यावी. रामकुंडावर लोक अस्थी घेऊन आलेले असतात. तिथं मोबाइल खिशात ठेवा. कपालेश्वराच्या देवळात महादेवासमोर नंदी नाही, बघून या. काळारामाला जाल तेव्हा एवढं ठाऊक असू द्या, की याच देवळात शिरता यावं म्हणून बाबासाहेबांनी 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू केला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढं वर्षानुवर्षं नेटानं चालवला. दार तरी त्या वेळी उघडलं नाहीच. मी आजही गेले की आधी दाराशी थांबते, मग आत जाते. सिंहस्थाच्या पर्वण्यांना गावातले रस्ते बंद होतात, त्या दिवसांत सामान हलवायचं ठरवू नका.

आता रंगपंचमी. पहिल्या वर्षी मी धुळवडीला जुना ड्रेस घालून बाहेर पडले, तर रस्त्यावर एक थेंब रंग नाही! त्या दिवशी इथं वीर, म्हणजे देवघरातले पूर्वजांचे टाक, मिरवत नाचवतात. रंग चार दिवसांनी, पंचमीला, आणि तोही रहाडीत. रहाड म्हणजे पेशवेकाळातला जमिनीतला दगडी हौद. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी आहेत. वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेल्या असतात, वरून रहदारी चालते. तुम्ही दहादा त्यावरून गेलेले असाल, पत्ताही लागत नाही. पंचमीच्या आधी उकरतात, साफ करतात, पूजा होते. प्रत्येकीचा रंग ठरलेला. मग वरून उडी मारायची, तिला ‘धप्पा’ म्हणतात. पाणी खोल असतं. पोहता येत नसेल तर काठावर उभे राहा, तिथंही कोरडं कुणी राहत नाही. चष्मा मात्र खोलीवर ठेवून जा.