इलेक्ट्रिक गाडीचा रंग ठरवताना

शोरूमच्या दिव्यांखाली रंग ठरवू नका. तिथे सगळेच रंग गोड दिसतात. गाडी बाहेर काढायला सांगा, भर दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघा. मोबाइलवरचा फोटो तर अजिबात धरू नका.

इलेक्ट्रिक गाडीत एसी थेट बॅटरीवर चालतो, म्हणून रंगाचा थोडा संबंध रेंजशीही, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती अंतर जाते त्याच्याशीही येतो. उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या काळ्या गाडीच्या आतली हवा चंदेरी गाडीपेक्षा 5-6 अंशांनी जास्त तापू शकते. सावलीत किंवा तळघरात गाडी लावत असाल तर हा मुद्दा सोडून द्या, आवडेल तो रंग घ्या.

काळ्या रंगावर पुसण्याचे गोल गोल ओरखडे उन्हात जाळ्यासारखे चमकतात. चार्जिंगच्या झाकणाभोवती तर रोज केबलचा, बोटांचा स्पर्श होतो, तिथे ते लवकर दिसतात. मॅट फिनिश दिसते झकास, पण पॉलिश करता येत नाही. माझ्या मते रोजच्या गाडीला नकोच. मोत्यासारख्या चमकीचे रंग बरेचदा तीन थरांचे असतात. एकच दरवाजा रंगवायची वेळ आली तर छटा जुळवताना रंगाऱ्याचा घाम निघतो.