कॉस्टिक सोड्याचे द्रावण वजनावर सोडू नका
०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) द्रावणासाठी लिटरला ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा, हे गणित बरोबर असले, तरी हाती आलेले द्रावण तेवढे तीव्र नसते. तोलतानाच खडे हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात. म्हणून पाण्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड जावा यासाठी ते उकळून, गार करून घ्या आणि द्रावणाची खरी तीव्रता अनुमापनानेच, म्हणजे माहीत तीव्रतेच्या आम्लाशी ताडून, ठरवा. स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल १.५७६ ग्रॅम, एकूण २५० मिली: हे ०.०५ मोलर. त्यातले १० मिली पिपेटने घेऊन फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे (रंग बदलून आम्ल संपल्याचे दाखवणाऱ्या पदार्थाचे) दोन थेंब टाका आणि सोड्याचे द्रावण थेंबथेंब सोडत जा. मिथिल ऑरेंज इथे चालत नाही, ते फार लवकर रंग बदलते. ३० सेकंद टिकणारा फिका गुलाबी रंग हाच अंत्यबिंदू, म्हणजे थांबण्याची खूण. गडद गुलाबी आला तर ते वाचन सरळ टाकून द्या. नंतर रंग उडाला तर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. सोड्याचे आणखी थेंब घालू नका.