टाकी फुल केली की पेट्रोलचा वास

माझा पेट्रोलवर चालणारा छोटा पिकअप. दिंडोरीहून टोमॅटो भरून पिंपळगाव बसवंतच्या बाजारात रोजची फेरी. महिनाभर केबिनमध्ये पेट्रोलचा वास. गॅरेजवाल्याने इंजेक्टरची लाइन पुसून पाहिली, फिल्टर बदलला, पैसे घेतले. वास तसाच.

मग एक गोष्ट लक्षात आली. पाचशेचं पेट्रोल टाकलं तर वास नाही. टाकी फुल केली की वळण घेतानाच नाकात भपकारा. म्हणजे गळती टाकीच्या वरच्या अंगाला. प्रेशरच्या लाइनमध्ये, म्हणजे इंजिनकडे दाबाने पेट्रोल नेणाऱ्या नळीत असती, तर टाकीत पेट्रोल कमी असतानाही वास आला असता.

टाकी पाव झाल्यावर उघड्यावर गाडी लावली, इंजिन गार होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. पेट्रोल भरायच्या जाड नळीशेजारून हवेची एक बारीक नळी टाकीकडे जाते. तिच्यावर धुळीचा ओला, काळपट पट्टा. बोटाने वाकवली तर क्लिपच्या कडेला दोन समांतर दातांच्या खुणा आणि आरपार चीर. उंदीर! शेडमध्ये क्रेटशेजारी गाडी लावायची सवय नडली.

नळी पेट्रोलचीच घ्या. पाण्याची साधी नळी मी एकदा लावली होती, काही दिवसांत फुगून लिबलिबीत झाली. दोन्ही टोकांना नवे क्लिप आवळले, टाकी फुल केली, म्हसरूळपर्यंत चक्कर मारली. वास गेला. गाडी आता शेडबाहेर असते, उंदीर मात्र आतच आहेत.