संघ सोडल्यावर वादग्रस्त सीमेचे काय होते: आयर्लंडच्या सीमाप्रश्नाचा अभ्यास कसा करावा

ब्रिटन 31 जानेवारी 2020 रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले, तेव्हा आयर्लंड बेटावरील सीमारेषा, म्हणजे ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड आणि दक्षिणेचा स्वतंत्र आयर्लंड देश यांच्यामधली रेषा, जिथे होती तिथेच राहिली. बदलले ते त्या रेषेवर सोपवलेले काम. तोवर ती एकाच संघातील दोन सदस्य देशांमधली रेषा होती आणि त्यानंतर ती युरोपीय संघाची बाह्य सीमा ठरली. एखादा देश संघ सोडतो तेव्हा त्याच्या वादग्रस्त भू-सीमेवर नेमका काय परिणाम होतो, हे ज्यांना नीट समजून घ्यायचे आहे, मग ते आंतरराष्ट्रीय संबंधांचे विद्यार्थी असोत, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे असोत किंवा नोकरी-शिक्षणासाठी डब्लिन-बेलफास्टकडे गेलेले मराठी लोक असोत, त्यांनी हा प्रश्न कोणत्या क्रमाने हाताळावा हे येथे मांडले आहे. बातम्यांमधून तो ‘कडक सीमा (चौक्या आणि तपासणी असलेली) हवी की नको’ एवढ्याच रूपात पोहोचतो आणि त्या रूपात त्याचे उत्तर कधीच सापडत नाही.

आधी वाद कशाचा आहे ते ठरवा

सीमा वादग्रस्त आहे असे म्हणताना दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते: रेषा कुठून जावी हा एक वाद आणि ती रेषा मुळात असावी का हा दुसरा. आयर्लंडमधील मुख्य वाद दुसऱ्या प्रकारचा आहे. 1920 च्या कायद्यान्वये बेटाची फाळणी झाली आणि मे 1921 पासून अल्स्टर प्रांताच्या नऊपैकी सहा परगण्यांचे उत्तर आयर्लंड अस्तित्वात आले. डोनेगल, कॅव्हन आणि मोनाहन हे उरलेले तीन परगणे दक्षिणेकडे राहिले. परगण्यांच्या जुन्या हद्दी हीच सीमा मानल्यामुळे ती शेतांमधून आणि वस्त्यांमधून वाट काढत जाते. पेटिगो गावात मधल्या छोट्या नदीच्या एका काठावर डोनेगल आहे, तर दुसऱ्या काठावर फर्मॅना. ही रेषा लोकवस्तीप्रमाणे दुरुस्त करण्यासाठी सीमा आयोग नेमला गेला होता, पण 1925 मध्ये त्याचा अहवाल वृत्तपत्रात फुटला आणि संबंधित सरकारांनी तो बासनात गुंडाळून ठेवला. पुढे 1937 च्या आयरिश राज्यघटनेने, कलम 2 आणि 3 द्वारे, संपूर्ण बेट हाच राष्ट्राचा प्रदेश असल्याचा दावा केला.

1998 च्या गुड फ्रायडे कराराने हा वाद मिटवला, असे समजू नये. कराराने तो हाताळण्याची रीत ठरवून दिली: उत्तर आयर्लंडमधील बहुसंख्य लोकांची संमती असेपर्यंत ते ब्रिटनमध्ये राहील, ही संमती बदलली तर दोन्ही सरकारे तो निर्णय अमलात आणतील, आणि तोपर्यंत तेथील माणूस स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही मानू शकेल. उत्तरेत 71.1 टक्के आणि दक्षिणेत 94.4 टक्के मतदारांनी हे मान्य केले व त्यानुसार आयर्लंडने घटनेतील दावा मागे घेऊन त्या जागी एकीकरणाची आकांक्षा नोंदवली. दोन्ही देश युरोपीय संघाचे सदस्य आहेत हे त्या करारात गृहीत धरलेले होते. त्याच्या प्रस्तावनेत दोघांचा उल्लेख युरोपीय संघातील भागीदार असा येतो. अशा प्रश्नाचा अभ्यास करताना कराराची कलमे वाचावीतच, पण करार करणाऱ्यांना जे लिहून ठेवण्याची गरजच वाटली नाही तेही शोधावे, कारण संघ सोडल्यावर पहिला तडा तिथेच जातो.

रेषा नेमकी कुठून जाते हा वाद येथे पाण्यावर शिल्लक आहे. लॉख फॉइल ही खाडी पूर्ण आपली आहे असे ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर 2016 मध्ये, म्हणजे ब्रेक्झिटच्या (ब्रिटनने संघ सोडण्याच्या) सार्वमतानंतर काही महिन्यांतच, पुन्हा बजावले आणि आयर्लंडने तो दावा कधीच मान्य केलेला नाही. दोघेही एकाच संघात असताना ज्याची फारशी कोणाला फिकीर नव्हती, असे जुने मतभेद बाहेर पडण्याच्या वेळी पुन्हा डोके वर काढतात.

रेषेवरची कामे वेगवेगळी मोजा

एका कागदावर चार रकाने करावेत: माणसांची ये-जा, मालावरील शुल्क, मालाचा दर्जा व आरोग्यविषयक नियम, आणि सुरक्षा. प्रत्येक रकान्यात ते काम सीमेवर कधी सुरू झाले आणि कधी थांबले, हे लिहावे. आयर्लंडपुरते हे केले की बराच गोंधळ आपोआप दूर होतो.

माणसांच्या रकान्यात 1920 च्या दशकापासून चालत आलेले ‘कॉमन ट्रॅव्हल एरिया’ येते. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांची मोकळी ये-जा या व्यवस्थेवर चालते. तिचा युरोपीय संघाशी संबंध नसल्यामुळे ब्रेक्झिटने ती मोडली नाही. शुल्काच्या रकान्यात 1 एप्रिल 1923 ही तारीख येते, कारण त्या दिवशी सीमेवर सीमाशुल्क चौक्या सुरू झाल्या. दोन्ही देश 1 जानेवारी 1973 रोजी एकत्रच युरोपीय समुदायात गेले, तरी चौक्या हलल्या नाहीत. 1 जानेवारी 1993 रोजी एकल बाजारपेठ, म्हणजे सदस्य देशांत माल समान नियमांनी मोकळा फिरू देणारी व्यवस्था, अस्तित्वात आल्यावर त्या बंद झाल्या आणि मालाच्या दर्जाची सीमेवरची तपासणीही टप्प्याटप्प्याने संपली. सुरक्षेचा रकाना या सर्वांहून वेगळा चालतो. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून आयर्लंडचे एकीकरण हवे असणारे आणि ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे यांच्यात सुमारे तीस वर्षे चाललेल्या संघर्षात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. लष्कराने लहान रस्ते खड्डे पाडून बंद केले आणि दक्षिण आर्माच्या टेकड्यांवर टेहळणी मनोरे उभारले. हे मनोरे गुड फ्रायडे करारानंतर उतरवले गेले आणि लष्कराची मोहीम 31 जुलै 2007 रोजी अधिकृतपणे संपली.

म्हणजे ही सीमा दोनदा आणि दोन स्वतंत्र कारणांनी सौम्य झाली. बाजारपेठेमुळे जकात अधिकारी गेले आणि शांतता करारामुळे सैनिक गेले. ब्रेक्झिटने यांपैकी पहिल्या कारणालाच थेट हात घातला होता, मग शांततेची चिंता का वाटावी, असा प्रश्न अनेकांनी प्रामाणिकपणे विचारला. त्याचे उत्तर इतिहासात आहे. सीमेवरची चौकी ही तिथे कधीच फक्त महसुलाची खोली नव्हती. ज्यांना फाळणीच मान्य नव्हती त्यांच्या दृष्टीने ती फाळणीची इमारत होती. 1956 ते 1962 च्या मोहिमेत आयआरए या एकीकरणासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने अशा चौक्यांना लक्ष्य केले आणि ऑगस्ट 1972 मध्ये न्यूरीच्या सीमाशुल्क कार्यालयातील स्फोटात नऊ जण ठार झाले. चौकी आली की तिच्या रक्षणाला पोलीस येतात आणि पोलिसांच्या रक्षणाला पुन्हा सैनिक, ही भीती तेथील लोकांनी अनुभवातून बाळगलेली आहे आणि तिला कल्पनेचा खेळ ठरवणे मला अन्यायाचे वाटते. जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर या परस्परविरोधी पक्षांच्या दोन माजी पंतप्रधानांनी सार्वमतापूर्वी, जून 2016 मध्ये, उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात एकत्र येऊन हाच इशारा दिला होता. इंग्लंडमधील प्रचारात मात्र या सीमेला फारच थोडी जागा मिळाली.

फरक कुठे तपासला जाणार, हे विचारा

दोन प्रदेशांत कर किंवा नियम वेगळे असले की तो फरक कुठेतरी तपासावा लागतो. मुंबईच्या वेशीवर, दहिसर आणि मुलुंडला, जकात नाक्यांपाशी ट्रकच्या रांगा लागत असत. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, जकात गेली आणि रांगांचे कारणच उरले नाही. संघ सोडणे म्हणजे हीच क्रिया उलट दिशेने करणे होय. सीमाशुल्क संघ (आपसांत शुल्क नाही आणि बाहेरच्या मालावर सर्वांचे एकच शुल्क, अशी व्यवस्था) सोडला की माल मूळचा कुठला आणि त्यावर शुल्क किती, हे पाहावे लागते. एकल बाजारपेठ सोडली की मांस, दूध, रोपे आणि औषधे कोणत्या नियमांनी तयार झाली, हे पाहावे लागते. ‘तंत्रज्ञानाने सगळे अदृश्य करू’ असे आश्वासन ऐकू आले, तर नॉर्वे आणि स्वीडनची सीमा आठवावी. नॉर्वे एकल बाजारपेठेत सहभागी आहे, पण सीमाशुल्क संघात नाही. दोन्ही देशांचे संबंध उत्तम आहेत, त्यांचे सीमाशुल्क अधिकारी एकमेकांची कामेही करतात, आणि तरीही स्विनेसुंड येथे मालमोटारींना थांबावे लागते.

ब्रिटिश सरकारने तीन गोष्टींचे वचन दिले होते: बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ दोन्ही सोडायचे, बेटावर चौकी येऊ द्यायची नाही, आणि उत्तर आयर्लंड व उर्वरित ब्रिटन यांच्यामध्येही अडथळा येऊ द्यायचा नाही. यांपैकी कोणतीही दोन पाळता येतात, तिन्ही नाही. पुढचा प्रत्येक मसुदा वाचताना त्यात तिघांपैकी कोणते वचन सोडले आहे, तेवढे शोधावे. तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांच्या 2018 च्या करारातील ‘बॅकस्टॉप’ने पर्यायी तोडगा निघेपर्यंत संपूर्ण ब्रिटनला युरोपीय संघासोबत एकाच सीमाशुल्क क्षेत्रात ठेवले, म्हणजे पहिले वचन सैल केले, 15 जानेवारी 2019 रोजी संसदेने तो करार 432 विरुद्ध 202 मतांनी फेटाळला. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ऑक्टोबर 2019 च्या प्रोटोकॉलमध्ये (संघ सोडण्याच्या कराराला जोडलेल्या उत्तर आयर्लंडविषयीच्या भागात) तिसरे वचन सोडले. मालापुरते उत्तर आयर्लंड एकल बाजारपेठेच्या नियमांखाली राहिले आणि तपासणी आयरिश समुद्राच्या काठी, बेलफास्ट, लार्न आणि वॉरनपॉइंट या बंदरांवर गेली. 27 फेब्रुवारी 2023 रोजी जाहीर झालेल्या विंडसर चौकटीने ही तपासणी हलकी केली: उत्तर आयर्लंडमध्येच विकला जाणारा माल हिरव्या मार्गिकेतून आणि पुढे संघात जाऊ शकणारा माल लाल मार्गिकेतून, अशी ती विभागणी आहे. फरक मात्र आहे तिथेच आहे.

संमती कोणाची, हे तपासा

तपासणी समुद्रावर हलवल्याने नॅशनलिस्ट (आयर्लंडचे एकीकरण हवे असणाऱ्या) समाजाची चिंता कमी झाली आणि युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहू इच्छिणाऱ्या) समाजाची वाढली. हा दुसरा भाग बाहेरचे अभ्यासक अनेकदा घाईने ओलांडून जातात, तसे करू नये. ज्यांची ओळखच ब्रिटनशी असलेल्या नात्यावर उभी आहे, त्यांना लिव्हरपूलहून येणाऱ्या मालाला स्वतःच्याच देशात कागदपत्रे लागणे ही घटनात्मक इजा वाटते. ब्रिटन आणि आयर्लंड यांना एकत्र करणाऱ्या 1800 च्या कायद्याच्या सहाव्या कलमाचा आधार घेऊन ते न्यायालयात गेले. फेब्रुवारी 2023 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रोटोकॉल कायदेशीर ठरवला. कायद्याचा प्रश्न तिथे संपला, पण राजकीय प्रश्न उरलाच. युनियनिस्टांच्या डीयूपी पक्षाने फेब्रुवारी 2022 पासून दोन वर्षे स्टॉरमॉन्टचे, म्हणजे उत्तर आयर्लंडचे प्रांतिक, सरकार बंद ठेवले, कारण दोन्ही समाजांचा सहभाग असल्याशिवाय तेथे सरकार चालत नाही.

ही व्यवस्था चालू ठेवावी का, यावर स्टॉरमॉन्टच्या विधानसभेला ठरावीक काळाने मतदान करावे लागते. 10 डिसेंबर 2024 रोजी ती 48 विरुद्ध 36 मतांनी चालू ठेवली गेली. युनियनिस्टांचा पाठिंबा नसल्याने मुदत आठऐवजी चार वर्षांचीच मिळाली आणि पुढचे मतदान 2028 मध्ये येईल. आकडा वाचताना मतांची बेरीज आणि समाजांची विभागणी, दोन्ही पाहावीत. 2016 च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडच्या 55.8 टक्के मतदारांनी संघात राहण्याचा कौल दिला होता, पण त्या बहुमतातही दोन्ही समाजांचा वाटा फार असमान होता.

नकाशावरून जमिनीवर या

सीमा बंद होण्याने किंवा उघडी राहण्याने कोणाचे काय थांबेल, हे वस्तूंच्या प्रवासावरून कळते. उत्तरेतील गोठ्यांमधले बरेचसे दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जाते. डब्लिनमध्ये तयार झालेली गिनेस बिअर भरण्यासाठी बेलफास्टला जात आली आहे. वीज 2007 पासून संपूर्ण बेटाच्या एकाच बाजारात विकली जाते. डोनेगलचे कर्करोगाचे रुग्ण किरणोपचारासाठी सीमा ओलांडून डेरीच्या ऑल्टनागेल्विन रुग्णालयात येतात आणि उत्तरेतील लहान मुले हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी डब्लिनला नेली जातात. क्लोन्सहून कॅव्हनकडे जाणारा रस्ता अवघ्या काही किलोमीटरमध्ये चार वेळा सीमा ओलांडतो, आणि ते कळते फक्त वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर गेल्यामुळे.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी मात्र या मोकळेपणावर विसंबू नये. सीमेवर कोणी अडवत नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. आयर्लंडचा निवास परवाना असलेल्या भारतीय नागरिकाला बेलफास्टला जाण्यासाठी ब्रिटनचा व्हिसा लागतो आणि ब्रिटनच्या व्हिसावर राहणाऱ्याला डब्लिनसाठी आयर्लंडचा. ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेत भारतीयांना एकाच अल्पमुदतीच्या व्हिसावर दोन्हीकडे जाता येते, पण त्यासाठी व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असावी लागते आणि ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी प्रवेश करावा लागतो.

पुढे काय पाहत राहावे

ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी 19 मे 2025 रोजी अन्न, प्राणी व वनस्पती यांच्या आरोग्यनियमांवर स्वतंत्र करार करण्याचे ठरवले. नियम जितके जवळ येतील तितकी बंदरांवरची तपासणी कमी होईल, म्हणून या वाटाघाटींकडे सीमाप्रश्नाचाच भाग म्हणून पाहावे.

दुसरी बाब अधिक दूरची आणि अधिक मोठी आहे. एकीकरणाला बहुमत मिळण्याची शक्यता दिसली तर ब्रिटिश मंत्र्याने सार्वमत घ्यावे आणि दोन सार्वमतांमध्ये किमान सात वर्षांचे अंतर असावे, अशी कायद्यात तरतूद आहे. 1998 मध्ये त्या मताचा अर्थ एका सार्वभौम राज्यातून दुसऱ्यात जाणे इतकाच होता. 29 एप्रिल 2017 रोजी युरोपीय परिषदेने जाहीर केले की, एकीकरण झाल्यास संपूर्ण बेट संघाचा भाग असेल. त्यामुळे आता तेच मत संघात परतण्याचेही मत झाले आहे. जनमत चाचण्यांचे निष्कर्ष समोर आले की उत्तरदात्याला फक्त एकीकरणाबद्दल विचारले होते की संघातील सदस्यत्वाचाही उल्लेख केला होता, हे प्रश्नाच्या मूळ शब्दांत आधी पाहून घ्यावे.