रात्री उभ्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळली, तर चूक कोणाची? क्लेम लावण्याआधी हे वाचा

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की सांगली-कोल्हापूर भागात एकाच साच्यातले क्लेम माझ्या टेबलावर येऊ लागतात. रात्रीची वेळ, रस्त्यावर उभी ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. समोरच्या गाडीच्या हेडलाइटने मोटरसायकलवाल्याचे डोळे दिपतात आणि तो मागून जाऊन आदळतो. घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मॅडम, धडक आमच्याच पोरानं दिलीय, आता काय मिळणार?"

मिळतं. मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच, असं मोटार अपघात न्यायाधिकरण (असे क्लेम चालवणारं कोर्ट) धरून चालत नाही. इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन किंवा ट्रेलर रस्त्यावर उभं ठेवायला मोटार वाहन कायद्याचं कलम 122 मनाई करतं. रात्री दिव्याशिवाय रस्त्यात उभ्या असलेल्या टँकरला कार धडकल्याच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने कारचालकावर निम्मा दोष टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली तो काढून टाकला. म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण रक्कम मिळेलच असं नाही. चांदणं असेल, रस्ता सरळ असेल, मोटरसायकल सुसाट असेल, तर काही टक्के दोष तुमच्या माणसाच्या माथी येतो आणि तेवढी रक्कम कापली जाते. याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात.

हे टक्के ठरतात ते मुख्यतः घटनास्थळ पंचनाम्यावरून. वकिलाकडे यायच्या आधी पोलीस ठाण्यातून त्याची नक्कल घ्या आणि स्वतः वाचा. डांबरी रस्ता किती फूट रुंद लिहिलाय? ट्रॉलीची डावी चाकं साइडपट्टीवर उतरली होती, की अख्खी ट्रॉली डांबरावर होती? काचांचा खच नेमका कुठे पडला होता? ब्रेक मारल्याच्या खुणा आहेत का? जवळ दिव्याचा खांब आहे का? मागे दगड किंवा झाडाची फांदी ठेवली होती का? (चालक बहुतेक वेळा फांदीच ठेवतात आणि साक्षीत तिला 'इशारा' म्हणतात. रात्री काळी दिसणारी फांदी हा कसला इशारा, ते मी उलटतपासात विचारते.) पंचनाम्यात रिफ्लेक्टरचा उल्लेखच नसेल, तर फोटो हवेत. तेही वाहनं हलवायच्या आधीचे, कारण दुसऱ्या दिवशी ट्रॉलीला कोरं करकरीत रेडियम चिकटलेलं असतं. गावातल्या कोणीतरी मोबाइलवर फोटो काढलेले असतातच. ते लगेच मागून घ्या, आणि काढणारा साक्षीला येईल का, हेही विचारा.

पुष्कळदा फिर्याद जखमीवरच दाखल होते. घाबरू नका. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. क्लेममध्ये कोणती बाजू जास्त संभवनीय वाटते, एवढंच पाहतात. फिर्यादीतला आरोप हा पुरावा आहे, निकाल नव्हे. मात्र तो खोडायला प्रत्यक्ष पाहणारा एक तरी माणूस लागतो.

मोटरसायकलवर मागे बसलेल्याची गोष्ट वेगळी. चालकाची चूक त्याच्या माथी मारता येत नाही. दोन वाहनांच्या चालकांचा दोष असेल, तर तो पूर्ण रक्कम कोणा एकाकडून मागू शकतो. आपापसातली वाटणी त्यांनी नंतर करावी. विमा कंपनीचा ठरलेला बचाव असतो 'ट्रिपल सीट होते'. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय की, तिघे बसल्यामुळे अपघात झाला किंवा मार वाढला, हे दाखवल्याशिवाय नुसतं तिघे असणं पुरेसं नाही. मोटरसायकलवाल्याकडे लायसन नसण्याचंही तसंच.

पैसे कोणी द्यायचे, हा पुढचा प्रश्न. चालकाच्या चुकीला मालक जबाबदार, आणि मालकाच्या वतीने विमा कंपनी. मालक म्हणजे आरसी बुकावर नाव असलेला. ट्रॅक्टर विकून दोन वर्षं झाली पण नाव बदललं नाही, तर सुटका नाही. त्यामुळे अर्जात आरसीवरचा मालक घालाच. ट्रॅक्टर आणि ट्रॉली या दोन्हींच्या पॉलिसी तपासा. ट्रॅक्टरचालकाकडे वैध लायसन नसेल, तर न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला आधी रक्कम भरायला लावून ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतं.

रकमेचा हिशेब घरी करून पाहा. समजा, 34 वर्षांचा टेम्पोचालक, महिना 15,000 रुपये कमाई. वर्षाचे 1,80,000. स्वयंरोजगार आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून 2,52,000. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्व 35 टक्के आहे, पण पाय आखडल्यामुळे क्लच दाबता येत नाही. कोर्टाने पाहायचं असतं कमाईचं नुकसान, नुसता दाखल्यावरचा आकडा नव्हे. ते 60 टक्के मानलं, तर वर्षाला 1,51,200. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात 31 ते 35 वयाला गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो आकडा) 16, म्हणजे 24,19,200. औषधोपचार आणि वेदनांची भरपाई वेगळी. 25 टक्के दोष आपल्याकडे आला, तर एकूण रकमेतून तेवढे वजा. म्हणूनच दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष टाळू नका. क्लचची गोष्ट त्यांच्याच तोंडून रेकॉर्डवर यायला हवी.

अर्ज अपघाताच्या ठिकाणच्या, तुमच्या राहत्या जागेच्या किंवा सामनेवाल्याच्या जिल्ह्यात करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. त्या तरतुदीवर न्यायालयात वाद झाला आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. धडक देणारं वाहन सापडलंच नाही, तर 'हिट अँड रन' योजनेत मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000 रुपये मिळतात. तो अर्ज वेगळा असतो.

लोकअदालतीत कंपनीचा माणूस आकडा सांगेल, तेव्हा वरचा हिशेब हातात ठेवा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे सही करण्याआधी एक तारीख जास्त मागितली तरी चालते.